कुत्रा शिकला, हप्ता थांबला: डॉग ट्रेनिंगच्या धंद्यातली उधारी

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात बसून छोट्या धंद्यांची खाती लिहितो. वासणा-भायली रोडच्या नव्या सोसायट्यांत घरोघरी जाऊन कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका ट्रेनरची उधारीची डायरी त्या निमित्ताने माझ्या टेबलावर आली. पान असं होतं: ‘ब्रुनो, ८,००० बाकी. कोको, दुसरा हप्ता पगारानंतर. सिंबा, फोन उचलत नाहीत.’ माणसाचं नाव कुठेच नाही. फोनमध्येसुद्धा नंबर ‘ब्रुनो मम्मी’, ‘कोको अंकल’ असे सेव्ह केलेले. बिल फाडलेलं नाही, फ्लॅटचा नंबर ट्रेनरच्या डोक्यात. कुत्र्यांवरचा जीव त्यातून दिसतो, कबूल. पण उद्या नोटीस द्यायची वेळ आली, तर ती ब्रुनोच्या नावाने देता येणार नाही.

या धंद्यात उधारी येते कशी ते आधी पाहू. पिल्लू घरी आलं की पहिल्या काही महिन्यांत लसी, खाणं, डॉक्टर, पिंजरा, पट्टा असा खर्च लागोपाठ होतो. ट्रेनरची आठवण होते ती पिल्लू सहा-सात महिन्यांचं होऊन सोफा फाडायला किंवा वॉचमनच्या अंगावर धावायला लागलं की. तोवर घरातल्यांचा हात आखडलेला असतो. मग प्रश्न येतो, ‘दादा, हप्त्यात जमेल का?’ समोर नवीन ग्राहक, गल्लीत दुसरा ट्रेनर तयार. दादा ‘जमेल’ म्हणतो. त्या क्षणी तो ट्रेनरबरोबर सावकारही झालेला असतो, फक्त व्याज न घेणारा आणि तारण न ठेवणारा.

आता आकडे मांडू. हे उदाहरणापुरते आहेत, आपापल्या धंद्याप्रमाणे बदलून घ्या. समजा तीन महिन्यांचा कोर्स २४,००० रुपयांचा, आठवड्याला तीन सेशन, म्हणजे एकूण ३६. मदतनिसाचा पगार, पेट्रोल, ट्रीट, पट्टे मिळून एका सेशनचा थेट खर्च ४०० रुपये. पूर्ण कोर्सवर खर्च १४,४००, उरतात ९,६००. यातून जाहिरात, फोन, गाडीची दुरुस्ती आणि स्वतःचं घर. हप्ते तीन, प्रत्येकी ८,०००, दर महिन्याच्या शेवटी.

पहिला हप्ता आला. दुसऱ्या महिन्याची सेशन झाली आणि हप्ता आला नाही. ट्रेनरने २४ सेशनवर ९,६०० खर्च केले, हातात आले ८,०००. तोटा वरवर १,६०० चा दिसतो. पण हिशेब तिथे थांबत नाही. बुडालेले ८,००० भरून काढायचे, तर एका सेशनमागे उरणाऱ्या सुमारे २६७ रुपयांच्या हिशेबाने दुसऱ्या ग्राहकांची ३० सेशन फक्त हा खड्डा बुजवण्यात जातात. जवळजवळ एक अख्खा कोर्स.

याच उदाहरणात फक्त तारीख बदला. हप्ता महिन्याच्या शेवटी न घेता सुरुवातीला घ्या. तोच ग्राहक, तीच फी, आणि तो तसाच एका महिन्यानंतर गायब झाला, तर ट्रेनरचं काहीच बुडत नाही. ग्राहक वाईट होता की चांगला, हा प्रश्नच उरत नाही. म्हणून मी प्रत्येकाला एकच आकडा विचारतो: आज, या घटकेला, केलेल्या पण पैसे न मिळालेल्या कामाची रक्कम किती? बहुतेकांना महिन्याचं उत्पन्न तोंडपाठ असतं, हा आकडा नसतो.

शिकवलेलं परत घेता येत नाही

फ्रिज हप्त्यावर दिला आणि हप्ते थांबले, तर निदान फ्रिज तरी जागेवर असतो. कुत्र्याला शिकवलेलं ‘सिट’ आणि ‘स्टे’ परत काढून आणता येत नाही. विकलेली वस्तू त्याच क्षणी वापरली गेलेली असते.

ज्यांच्याकडे कुत्रा राहायला येतो, म्हणजे महिना-दोन महिने ठेवून घेऊन शिकवून परत देणारे, ते म्हणतात, ‘आमचं बरं आहे, पैसे दिल्याशिवाय कुत्रा सोडणार नाही.’ हे पूर्ण चूक नाही, पण वाटतं तितकं सोपंही नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७० सांगतं की कोणाच्या ताब्यात दिलेल्या वस्तूवर त्याने श्रम किंवा कौशल्य खर्च केलं असेल, तर मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा त्याला हक्क आहे. कायद्यातच त्याचं उदाहरण आहे: जवाहिऱ्याने हिऱ्याला पैलू पाडले, तर पैसे मिळेपर्यंत तो हिरा ठेवून घेऊ शकतो. कायद्याच्या नजरेत कुत्रा ही जंगम मालमत्ता, त्यामुळे हा मुद्दा मांडता येतो.

पण त्याच कलमाखालचं दुसरं उदाहरण ट्रेनरने जरूर वाचावं. शिंप्याने कोट शिवून झाल्याबरोबर द्यायचं कबूल केलं आणि पैशांसाठी तीन महिन्यांची मुदत दिली, तर त्याला कोट अडवून ठेवता येत नाही. म्हणजे उधारी दिली की अडवण्याचा हक्क गेला. ‘कुत्रा घेऊन जा, बाकीचे दोन हप्ते नंतर द्या’ असं म्हणणारा ट्रेनर नेमका या शिंप्याच्या जागी बसतो. शिवाय अडवलेला हिरा तिजोरीत गप्प पडून राहतो; अडवलेला लॅब्राडोर रोज दोन वेळा जेवतो, आजारी पडतो, भुंकून शेजाऱ्यांना उठवतो, आणि त्याची आबाळ झाली तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा ज्याच्या ताब्यात तो आहे त्याच्या मानेवर बसतो. माझं स्पष्ट मत: कुत्रा अडवू नका. घरातली मुलं दारात रडत असताना केलेली वसुली सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटांत पोचते.

पैसे का थांबतात

बुडवणारा प्रत्येक जण लबाड नसतो. या धंद्यात पैसे थांबण्याची कारणं खास या धंद्याची आहेत, आणि ती समजली नाहीत तर कुठलीही वसुली उपयोगाची नाही.

पहिलं कारण उलटं आहे: काम चांगलं होतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुत्रा बसायला, थांबायला लागतो, दार उघडल्यावर झेप घेत नाही. घरच्यांना वाटतं झालं की शिकून. उरलेले दोन महिने कशाला? खरं तर त्या दोन महिन्यांतच शिकलेलं पक्कं व्हायचं असतं: रस्त्यावर, दुसऱ्या कुत्र्यांसमोर, दिवाळीच्या फटाक्यांत. पण ते ग्राहकाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे द्यायला हात उचलत नाही.

दुसरं कारण याच्या नेमकं विरुद्ध. ‘तुमचं ऐकतो हो, आमचं ऐकत नाही.’ ट्रेनरला हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकावंच लागतं, आणि मनात तो म्हणतो, घरचा सराव केला नसेल. तेही असतं. पण २०२० साली ब्रिटनमध्ये गाइड डॉगच्या कामासाठी वाढवलेल्या लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या मिश्र पिल्लांवर झालेल्या अभ्यासात वेगळीच गोष्ट दिसली: साधारण आठ महिन्यांच्या वयात कुत्री स्वतःच्या पालकाने दिलेली ‘सिट’ची आज्ञा आधीपेक्षा कमी ऐकत होती, अनोळखी माणसाची मात्र ऐकत होती. पोरवयाचा हा टप्पा पुढे सरतोही. आता वेळापत्रक जुळवून पाहा. ट्रेनरला बोलावलं सहाव्या-सातव्या महिन्यात, दुसऱ्या हप्त्याची तारीख आली आठव्यात. मालकाचा कुत्र्यावरचा विश्वास तळाला गेलेला असतानाच ट्रेनर पैसे मागायला दारात उभा. ही गोष्ट पहिल्याच दिवशी काका-काकूंना समजावून सांगितली, तर निम्मे वाद जन्मालाच येत नाहीत असं मला वाटतं. शेवटी सांगितली तर ती सबब वाटते.

तिसरं कारण आयुष्याचं. रिफायनरीत किंवा ओएनजीसीत नोकरी असलेल्या घरात बदलीची ऑर्डर येते. कुत्रा पार्वोच्या आजाराने जातो. सासूबाईंना दम्याचा त्रास सुरू होतो आणि ब्रुनोची रवानगी गावाकडच्या वाडीत. अशा वेळी हप्ता मागणं ट्रेनरलाच जड जातं. करारात याचं उत्तर आधीच असावं, म्हणजे शोकाच्या घरात हिशेब काढावा लागत नाही.

आणि चौथं कारण रांगेचं. ओढाताणीच्या महिन्यात घरात आधी गृहकर्जाचा ईएमआय जातो, मग शाळेची फी, वीजबिल, क्रेडिट कार्ड. ट्रेनर शेवटी. याला पक्कं कारण आहे. बँकेचा हप्ता चुकला की त्याची नोंद सिबिलसारख्या कंपनीकडे जाते आणि पुढचं कर्ज अडतं. ट्रेनरला अशी नोंद पाठवता येत नाही. ती सोय बँका आणि वित्तसंस्थांना आहे. त्याचे आठ हजार थकवले, तर ग्राहकाचं फार तर काय होईल, लिफ्टमध्ये नजर चुकवावी लागेल.

गंमत अशी की याच शहरात कधीकाळी लिफ्टमधली नजर हेच तारण होतं. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली बडोद्यात ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ उभी राहिली. भारतातली परस्परसाहाय्याची पहिली ज्ञात पतसंस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. एकमेकांना ओळखणाऱ्यांनी एकमेकांना उधार द्यायचं, हे त्यामागचं तत्त्व. वाड्यात, पोळात (जुन्या गल्लीच्या वस्तीत) ते चालतं, कारण न देणाऱ्याला रोज त्याच ओट्यावरून जावं लागतं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये अकरा महिने राहून जाणाऱ्या कुटुंबाला तो ओटाच नसतो. तरी ट्रेनर अजून ओळखीवरच उधार देतो, आणि ‘काले आपी दईश’ (उद्या देऊन टाकीन) ऐकून घरी येतो.

दुसऱ्याच्या खिशातून उधारी

मग वाटतं, हा धोका फायनान्स कंपनीच्या गळ्यात घालावा. ग्राहक क्रेडिट कार्डावर किंवा ईएमआय कार्डावर हप्ते बांधून घेईल, आपल्याला रक्कम लगेच मिळेल. मार्ग चांगला आहे, फुकट नाही.

पुन्हा तोच २४,००० चा कोर्स. ग्राहकाला सहा महिने ४,००० चा ‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी दिसणारा हप्ता. बँक १५ टक्के वार्षिक व्याज धरते असं समजा. सहा हप्त्यांचे २४,००० मिळवून देणारी आजची रक्कम होते सुमारे २२,९८४. फरक साधारण १,०१६ रुपयांचा, आणि तो ट्रेनर सोसतो. त्यावर पेमेंट गेटवेचं समजा २ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावरचा जीएसटी धरला की एकूण कपात जवळजवळ १,६००. फीच्या सात टक्क्यांहून कमी, म्हणून फारसं वाटत नाही. पण ती जाते त्या उरलेल्या ९,६०० मधून. तिथे ती सहावा हिस्सा खाते. ग्राहकालाही सगळं फुकट नसतं: कार्डावरच्या ईएमआयमध्ये व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो, वर प्रोसेसिंग फी. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के योजनांत व्याज बऱ्याचदा प्रोसेसिंग फीच्या आड लपवलेलं असतं.

हे १,६०० म्हणजे न बुडण्याचा विमा समजा. दर ग्राहकामागे १,६०० भरायचे, आणि बुडला तर ८,००० वाचायचे. म्हणजे पाचात एक बुडत असेल तर बरोबरी. वीसात एक बुडत असेल, तर फायनान्स कंपनी महाग पडते, स्वतःचे आगाऊ हप्ते बरे. बँक खात्यातून यूपीआयवर घेतलेल्या पैशांना तर व्यापाऱ्याचं शुल्कही नाही. जानेवारी २०२० पासून ते शून्य आहे. मात्र फायनान्सची सोय दिल्याने एरवी आलेच नसते असे ग्राहक येत असतील, तर गणित पुन्हा बदलतं. तेवढं प्रत्येकाने आपल्या डायरीतून काढावं.

करारातल्या दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. एक, ग्राहकाने हप्ते बुडवले तर कंपनी ट्रेनरकडे वळणार का? वळणार असेल, तर धोका गेलाच नाही, फक्त शुल्क गेलं. दोन, ग्राहकाने तक्रार केली तर? कार्डाने भरलेल्या पैशांवर ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो, आणि बहुतेक प्रकारांत त्यासाठी सुमारे १२० दिवसांची मुदत असते. तोवर ट्रेनरचा कोर्सही संपलेला आणि पैसेही. पुरावा काय? प्रत्येक सेशननंतर तारीख-वेळेसह मालकाची सही किंवा व्हॉट्सॲपवर ‘आजचं झालं’ असा त्यांचा मेसेज, आणि दर आठवड्याचा एक छोटा व्हिडिओ. अमेरिकेत तर महिनाभर ठेवून शिकवण्याचे कोर्स हजारो डॉलरना विकले जातात, बरेचदा कर्जावर. तिथे १९७६ पासून लागू असलेल्या एका नियमाने, विक्रेत्याने मिळवून दिलेल्या कर्जात विक्रेत्याविरुद्धची ग्राहकाची तक्रार कर्ज देणाऱ्यापुढेही चालते. त्यामुळे कर्ज देणारे ट्रेनरला आधीच पारखून घेतात.

यापेक्षाही मोठा धोका मला वेगळाच वाटतो. फायनान्स कंपनीकडून तीन महिन्यांची फी पहिल्याच आठवड्यात खात्यात येते. सात ग्राहक मिळाले, दीड लाखाच्या वर रक्कम, आणि ट्रेनरला वाटतं आपण कमावली. व्हॅन घेतली, मागच्या अंगणात पिंजरे बांधले. ती रक्कम कमाई नसते. पुढे द्यायच्या २५२ सेशनचं ते ओझं असतं. त्यांचा खर्च सेशनमागे ४०० नेच येणार आहे, पण पैसे व्हॅनमध्ये गेले. मग पुढच्या महिन्यातल्या नव्या ग्राहकांच्या पैशांतून जुन्यांची सेशन चालतात. एक मंदीचा महिना आला की मदतनिसाचा पगार थकतो, सेशन चुकतात, ग्राहक रिफंड मागतात. इथे पैसे बुडवणारा ग्राहक नाही, ट्रेनर आहे. आणि ग्राहकाची अवस्था आणखी वाईट: शिकवणी बंद, पण कंपनीचा हप्ता दर महिन्याला कापला जातोच, आणि थांबवला तर सिबिल त्याचं बिघडतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली असा माणूस आयोगात गेला, तर ट्रेनरकडे बोलायला फारसं काही नसतं. उपाय कंटाळवाणा आहे: आगाऊ आलेले पैसे दुसऱ्या बचत खात्यात ठेवा आणि झालेल्या सेशनपुरतेच आठवड्याला उचला.

वसुलीबद्दल थोडक्यात. हप्ते महिन्याच्या सुरुवातीला आणि यूपीआय ऑटोपेवर, म्हणजे ठरल्या तारखेला आपोआप कापले जातील असे, बांधा. १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना दर वेळी पिन टाकावा लागत नाही, आदल्या दिवशी सूचना जाते. ग्राहक ही दिलेली परवानगी (मँडेट) ॲपमधून रद्द करू शकतो, पण त्या दिवशी तुम्हाला लगेच कळतं आणि सेशन तिथेच थांबवता येतं. हीच तर खरी कमाई. पुढच्या तारखेचे चेक घेतले असतील आणि झालेल्या कामाचा चेक परत आला, तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ आहे: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ग्राहकाला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. दिवस चुकले की कलम हातचं जातं. साध्या थकबाकीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. पण आठ हजारांसाठी वकील करणं हे आठ हजार आणखी घालवणं आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज देऊन दावा लावण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. कोर्ट फी नाही. फक्त समोरचा यायला आणि मान्य करायला हवा. मकरपुरा जीआयडीसीतला कारखाना रखवालीची कुत्री शिकवून घेत असेल, तर गोष्ट निराळी. सरकारची उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या धंद्याला २००६ च्या एमएसएमई (लघुउद्योग) कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं.

राहिला जीएसटी. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी घेतलेली नसेल, तर हा परिच्छेद सोडून द्या. नोंदणी असेल, तर बिल फाडलं की कर देणं लागतं, ग्राहकाने पैसे दिले असोत वा नसोत. आणि बुडीत गेलेल्या रकमेवर भरलेला कर परत मिळण्याची सोय जीएसटीत नाही. २४,००० चं एकच बिल पहिल्या दिवशी फाडलं, तर १८ टक्क्यांनी ४,३२० रुपये कर लगेच अंगावर. करारात हप्त्यांच्या तारखा लिहिलेल्या असतील, तर त्या-त्या तारखेला ८,००० चं बिल फाडता येतं, १,४४० कराचं. आणि बिलावर नाव ब्रुनोचं नको. मालकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि फ्लॅट नंबर. ब्रुनोला ‘तपशील’च्या रकान्यात घ्या.